डाव्या हाताचं चेंबर

यमुनावैनी कुठल्याही नटाला पाना लावला की आधी नवऱ्याकडे बघायच्या. नवरा म्हणजे रामा मिस्त्री. ते शेडच्या दाराशी लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असत, उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे खरोखरच ठेवलेला. सकाळी वैनी तो जसा ठेवत तसाच तो संध्याकाळपर्यंत राही. मिस्त्रींनी मान हलवून ‘हां’ म्हटलं की मग वैनी पाना फिरवत. साधं पंक्चर असलं तरी, आणि गिऱ्हाईक घाईनं चुळबुळत असलं तरी.

किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना सरळगावच्या थोडं अलीकडे ही पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. बांबूला एक जुना टायर टांगलेला, तीच पाटी. मी किन्हवलीत राहतो आणि मुरबाडजवळच्या एका शाळेत कारकून आहे, त्यामुळे सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. रोज जाता-येता ती शेड लागायची. मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला असं कळलं तेव्हा मला वाटलं, आता हे दुकान संपलं. भेटायला जायला हवं होतं. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो आणि मग इतके दिवस गेले की जायची लाज वाटायला लागली. ह्या माझ्या स्वभावाबद्दल पुढे सांगावंच लागणार आहे.

शेवटी क्लचची वायर तुटली म्हणून गेलो. गाडी ढकलत घामाघूम होऊन पोचलो तर पदर खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून एक बाई कुणाच्या तरी गाडीचं चाक काढत बसलेली.

“मिस्त्री आहेत का?” मी विचारलं.

“हायत की. समोर बसलेत, दिसत नाय?”

“नाही, म्हणजे, काम होतं.”

“काम तेच करतात. मी त्यांचा उजवा हात.” असं म्हणून त्या परत चाकाकडे वळल्या. खुर्चीतून मिस्त्री हसले. तोंडाचा डावा अर्धा भागच हसला.

लग्न झाल्यापासून मिस्त्रींना पाने हातात देता देता बाईंच्या डोळ्यांनी सगळं शिकून ठेवलं होतं, हातांना मात्र आता शिकावं लागत होतं. चुकाही व्हायच्या. गाडी जोडून झाल्यावर एखादा वॉशर खाली उरायचा. वैनी तो उचलून बघायच्या, गाडीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “कंपनीनं जास्तीचा दिलाय.” असल्या ‘जास्तीच्या’ वस्तूंसाठी त्यांनी लोणच्याची एक बरणी ठेवली होती, ती बरीच भरली होती. खोललेले बोल्ट त्या मसाल्याच्या डब्यात ठेवत. हळदीच्या वाटीत डाव्या बाजूचे, जिऱ्याच्या वाटीत उजव्या बाजूचे, मोहरीच्या वाटीत बारीकसारीक. मिस्त्री खुर्चीतून ओरडत, “मोहरीतला जिऱ्यात टाकलास!” आणि वैनी म्हणत, “डोळे शाबूत हायत म्हणायचे तुमचे.”

एकदा शहापूरचा एक तरुण नवी कोरी गाडी घेऊन आला होता. वैनींकडे बघून म्हणाला, “बाई खोलणार होय गाडी?”

मिस्त्रींच्या कपाळाची शीर तटतटली. पण वैनींनी शांतपणे पाना त्याच्यापुढे धरला. “नाय रे बाबा, मी कशाला खोलू? तू खोल. घे.”

त्यानंही ऐटीत घेतला आणि बोल्टला लावून जोर केला. बोल्ट आणखी घट्ट झाला.

“उलटा फिरवतोयस रे. जेवतोस तरी सरळ का कानात घालतोस घास?”

पोरगा हसला, बाकड्यावर बसला आणि पुढे नेहमी यायला लागला. वैनींचं बोलणं असं होतं. ओरखडा उठायचा, पण रक्त यायचं नाही.

माझ्या वाट्याला वेगळी बोलणी यायची. मला एक खोड आहे. कुठेही गेलो की मी आधी माझी चूक सांगून टाकतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, चेनला तेल घातलं नाही, त्या दिवशी खड्डा दिसत असूनही वेग कमी केला नाही. बायको म्हणते, तुम्ही समोरच्याला ओरडायची संधीच देत नाही. वैनी एकदा हातातलं काम थांबवून म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमी गाडी दावायला येता का देवाला गाऱ्हाणं घालायला? क्लच घसरतोय एवढं सांगा. पाप माझ्या पान्यानं सुटत नाय.”

झटक्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायला थांबलो होतो. शेडच्या दाराला आंब्याची पानं, झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण. धुतलेल्या गोणपाटावर सगळी हत्यारं चकचकीत पुसून ओळीनं मांडलेली. वैनींनी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग त्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसल्या. मिस्त्रींचा उजवा हात त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला, बोटं एकेक करून सरळ केली, हाताच्या पाठीवर हळदकुंकू लावलं आणि वर एक झेंडू ठेवला. मिस्त्री रस्त्याकडे बघत होते. मी बघतच राहिलो असेन, कारण वैनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हत्यारं म्हटली की सगळी हत्यारं.”

आता चेंबरचं सांगतो.

माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनाला तळाशी एक वेगळं चेंबर आहे. म्हणजे ऑइल साठायचं ॲल्युमिनियमचं पसरट भांडं, कडेनं बोल्ट लावून वर आवळलेलं. त्याच्या सांध्यातून ऑइल पाझरायला लागलं होतं. मी गेलो तेव्हा वैनी औषधं आणायला शहापूरला गेल्या होत्या.

“उद्या येतो,” मी म्हणालो.

“उद्या कशाला?” मिस्त्री म्हणाले. “मी काय मेलोय?”

आणि ते खुर्चीतून सरकत सरकत खाली जमिनीवर उतरले. मला थांबवता आलं नाही. मी गाडी कलती धरली, सांगतील तिथे हात दिला, त्यांनी डाव्या हातानं एकेक बोल्ट काढला. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. लागेल तेवढीच मदत मला करू द्यायचे, जास्त केली की “धर नुसता” म्हणायचे. चेंबर निघालं, पुसलं, नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यात घालायची कागदी पट्टी, आलं. ऑइल पाझरू नये म्हणून त्याला लावायचं चिकट औषध हवं होतं.

शेडमध्ये दोन फळ्या होत्या. खुर्चीच्या उजव्या अंगाला गॅरेजची, गॅस्केटच्या औषधाची ट्यूब तिथेच असे. डाव्या अंगाला वैनींची घरची: खोबरेल, देवाच्या वाती, घासणीचा साबण, आणि पाण्याच्या टाकीची चीर बुजवायला आणलेल्या दोन ट्यूबा. त्या दोन्ही एकत्र कालवल्या की दगडासारखं घट्ट होणारं ते औषध. मिस्त्री आयुष्यभर न बघता उजवा हात उजव्या फळीवर टाकत आले होते. आज त्यांनी न बघता डावा हात वर केला, आणि तो डाव्या फळीवर गेला.

पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यांनी दोन्ही ट्यूबा पिळल्या आणि बोल्टच्या टोकानं कालवल्या. गॅस्केटसाठी वैनींना मी नेहमी एकच ट्यूब वापरताना बघितलं होतं. मला शंका आली. पण मिस्त्रींच्या तोंडाचा तो अर्धा भाग हसत होता, आणि जीभ जड असूनही ते काहीतरी गुणगुणत होते. मी स्वतःला सांगितलं, मिस्त्री ते आहेत, मी नाही. बोलायचं तेव्हा गप्प बसलो. त्यांनी औषध लावलं, कडेनं अंगठा फिरवून सारखं केलं, आणि आम्ही चेंबर वर बसवून आवळलं.

त्या दिवसापासून मिस्त्री बदलले. वैनीच सांगायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीचं सामान मागितलं. भरवून घेणं बंद केलं, डाव्या हातानं सांडत-लवंडत जेवायला लागले. आणि मी रस्त्यानं दिसलो की हाक मारायचे, “भाऊसाहेब, दाव!”

मी थांबायचो, वाकून इंजिनाच्या तळाशी तळहात फिरवायचो आणि बाकड्यावर जो कुणी गिऱ्हाईक असेल त्याला दाखवायचो. कोरडा.

“एका हातानं बसवलंय,” मिस्त्री म्हणायचे. “थेंब नाय.”

थेंब कसा गळणार? पण ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. वैनी त्या वेळी काम थांबवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असत. झटक्यानंतर मिस्त्रींनी स्वतः केलेलं तेवढं एकच काम होतं.

होळीनंतर इंजिन खडखडायला लागलं. वैनींनी कान लावला आणि म्हणाल्या, “ऑइल वर चढत नाय. ऑइल गाळायची जाळी तुंबली असंल. चेंबर उतरवायला लागंल.” मिस्त्रींकडे बघितलं. ‘हां’ आलं.

ऑइल काढलं. सगळे बोल्ट निघाले, वाट्यांमध्ये गेले. चेंबर मात्र जागचं हललं नाही. वैनींनी कपडे धुवायचं लाकडी धोपटणं घेऊन चारी बाजूंनी ठोकलं. ढिम्म. मी म्हणालो, “फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर?”

“हात मोडीन!” मिस्त्री गरजले. “कडेला चरा पडला की जन्मभर गळंल.”

वैनी खाली वाकल्या. सांध्यातून बाहेर आलेला करड्या रंगाचा कण त्यांनी नखानं काढला, बोटांत दाबून बघितला. तो दबला नाही. त्या डाव्या फळीकडे वळल्या. तिथे त्या दोन ट्यूबा होत्या, पिळून पार चपट्या झालेल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“काय गो, काय झालं?” मिस्त्रींनी विचारलं. “कशानं धरलंय?”

मी तोंड उघडलं. माझं तोंड अशा वेळी आपोआप उघडतं. मी बघितलं होतं, मी गप्प बसलो, सगळं ओठांवर आलं होतं. पण वैनी मोठ्यानं म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमी मधी ह्ये शहापूरला कुठं उघडलं व्हतं ना?”

वैनी चेंबरच्या आणि मिस्त्रींच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या, नजर माझ्यावर रोखून. ह्या बाई कशासाठी घाबरल्यात ते मला कळलं. हे चेंबर मिस्त्रींनी बिघडवलं असं ठरलं, तर सकाळची दाढी गेली, ताटातला डावा हात गेला. माणूस परत तिथेच, नुसता ठेवलेला.

“हो,” मी म्हणालो. “उघडलं होतं.”

न केलेल्या चुकीची ती माझी पहिली कबुली.

मिस्त्रींनी मला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिता येणार नाहीत. जीभ जड असली तरी शिव्या साफ यायच्या. “माझं बसवलेलं चेंबर दुसऱ्याच्या हातात दिलंस? थेंब गळत नव्हता त्यातनं! कोण तो गाढव, ज्यानं गॅस्केटला सिमेंट लावलं?” मी खाली मान घालून उभा होतो. वैनी चुलीवर पाण्याचा टोप चढवायला शेडमागच्या घरात गेल्या.

शिव्या संपल्यावर मिस्त्री कामाला लागले. कामाला म्हणजे खुर्चीतूनच. दोन बोल्ट परत दोन-दोन आट्यांवर अडकवून ठेवायला लावले, म्हणजे चेंबर सुटलं तर खाली आपटणार नाही. उकळत्या पाण्यात गोणपाटाच्या चिंध्या बुडवून वैनी त्या चिमट्यानं कडेला दाबून धरायच्या, गार झाल्या की बदलायच्या. मध्येच घरातून मासे धरायच्या गळाची तंगूस आणली, ती नायलॉनची बारीक दोरी सुटलेल्या फटीत घालून करवतीसारखी ओढायच्या. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मग धोपटण्यानं कडेकडेनं हलकं ठोकायचं. मिस्त्री डोळे मिटून ऐकत.

“पुढं. आणखी पुढं. हां, तिथं धरलंय. तिथं चिंधी लाव.”

“चिंध्या संपल्या.”

“मंग माझा सदरा फाड.”

“ह्योच एक चांगला हाय!” वैनी म्हणाल्या, आणि स्वतःच्या डोक्याचा टॉवेल बुडवला.

दुपार टळून गेली. मिस्त्रींचा चेहरा घामानं चमकत होता, एकदाही ते खुर्चीला टेकले नाहीत. मग कुठेतरी ‘टक्’ असा बारीक आवाज आला, आणि चेंबर त्या दोन बोल्टांवर अलगद खाली बसलं.

वैनींनी ते उलटं केलं. आतल्या कडेला औषध बाहेर येऊन सुकलं होतं, आणि त्यात अंगठ्याचा ठसा होता. मधोमध आडवी चीर असलेला. मिस्त्रींच्या डाव्या अंगठ्याला पूर्वी कधीतरी चेननं कापल्याची ती खूण आम्हा दोघांनाही ओळखीची होती. त्या औषधाचेच कण सुटून जाळी तुंबली होती.

“दाव इकडं,” मिस्त्री म्हणाले.

“घाण झालंय. धुवून आणते.” वैनी ते पदराआड धरून मागच्या मोरीवर गेल्या. बराच वेळ पात्यानं खरवडल्याचा आवाज येत होता. परत आणलं तेव्हा कड आरशासारखी होती. मिस्त्रींनी ते मांडीवर घेतलं, कडेवरून डावा अंगठा हळूहळू फिरवला.

“आता तुमी सांगा तसं बसवते,” वैनी म्हणाल्या. “का तुमीच बसवता?”

“तूच बसव. माझा हात भरलाय आज.”

त्यानंतर त्यांनी मला ‘दाव’ म्हणून कधी हाक मारली नाही. मी दिसलो की म्हणायचे, “आले शहापूरचे पाव्हणे.” दाढी मात्र रोज होत होती, जेवण स्वतःच्या हातानं चाललं होतं. म्हणजे आमचं खोटं कामाला आलं होतं. तरी मला चैन पडेना. ज्या चुकीसाठी शिव्या खाल्ल्या ती माझी नव्हती, आणि जी माझी होती, बघूनही गप्प बसण्याची, ती कुणाला ठाऊकच नव्हती. एक दिवस मिस्त्री आत झोपले होते तेव्हा मी वैनींना सगळं सांगितलं, आणि म्हणालो, “त्यांना खरं काय ते सांगून टाकतो. मला सहन होत नाही.”

वैनी चेनला तेल घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “सांगा की. तुमचं वझं उतरंल. पण ते जमिनीवर नाय पडायचं, भाऊसाहेब. त्यांच्या डोक्यावर पडंल. त्यांना एकच हात हाय.”

मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट पोटात ठेवायला मला कुणी शिकवलं असेल तर त्या बाईंनी. अजूनही नीट जमत नाही, हे लिहितोय त्यावरून दिसतंच आहे.

मिस्त्री त्यानंतरच्या थंडीत गेले. वैनी शेणव्याला लेकीकडे राहायला गेल्या, शेडचे पत्रेही कुणीतरी नेले. कार्याला मी गेलो होतो, पण गर्दीत वैनींशी बोलणं झालं नाही. त्यामुळे त्या मला आठवतात त्या त्याआधीच्या दसऱ्याच्या.

तोरण तसंच होतं, गोणपाटावर हत्यारं तशीच. मी आपट्याची पानं घेऊन उभा होतो. वैनींनी उजव्या हाताची पूजा केली, फूल ठेवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी परत कुंकवात बोट बुडवलं आणि मिस्त्रींचा डावा हात ओढला.

मिस्त्रींनी तो मागे घेतला. “ह्याला नको गो. ह्यो ट्यूब चुकतो.”

वैनींचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी विचारलं, “कवापास्नं ठावं हाय?”

“तू धोपटणं वाजवत व्हतीस तवापास्नं. गॅस्केटच्या औषधाला असला आवाज नसतो.”

“मंग भाऊसाहेबांना घालून पाडून बोललात ते?”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. तोंडाचा डावा भाग हसला. “त्याला बरं वाटतं.”

वैनी हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते पुसायला गेल्या तर कुंकवाचं बोट गालावर ओढलं गेलं. मग त्यांनी मिस्त्रींचा डावा हात जबरदस्तीनं धरला आणि त्या चीर पडलेल्या अंगठ्यावर कुंकू थापलं. “चुकतो तर चुकतो. गळलं तर नाय ना?”

“भाऊसाहेब,” मिस्त्री म्हणाले, “दाव.”

किती महिन्यांनी तो शब्द ऐकला. मी वाकलो, इंजिनाच्या तळाशी तळहात फिरवला आणि त्यांच्यापुढे धरला. मधोमध काळ्या ऑइलचा एक थेंब होता.

“बघ,” मिस्त्री वैनींना म्हणाले. “तुझं गळतंय.”

“आज हत्यारं पूजेला बसलीत,” वैनी ठसक्यात म्हणाल्या. “उद्या या. एक थेंब गळतोय, त्याचं एवढं काय कौतुक?”

मी गाडी सुरू केली. वळणावर आरशात एकदा मागे बघितलं. वैनी खुर्चीपुढे ओणवून चेहरा पुढे करून उभ्या होत्या, आणि मिस्त्री डाव्या अंगठ्यानं त्यांच्या गालावरचं कुंकू पुसत होते. अंगठाही कुंकवानं माखलेला, त्यामुळे ते जितकं पुसत होते तितकं जास्तच पसरत होतं. दोघांपैकी कुणीही थांबत नव्हतं.